तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वॉशिंग्टन नक्की कोणाचं?

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की इंग्लंडमध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे आणि तेच मूळ. मला वाटतं अमेरिकेचं बघून त्यांनी नाव ठेवलं असणार. घरात रोज वाद चालू आहे, प्लीज मिटवा!

उत्तर : ताई, मुलगा जिंकला. हे गाव ईशान्य इंग्लंडमध्ये, न्यूकॅसल आणि संडरलँडच्या मधे. बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या सरदाराला डरहॅमच्या बिशपकडून इथली जमीन मिळाली, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याने गावाचंच नाव लावून घेतलं. पुढे त्याच्या वंशाच्या शाखा फुटल्या, एक खाली लँकाशायरकडून नॉर्थम्प्टनशायरमध्ये सल्ग्रेव्हला गेली, त्यातला जॉन वॉशिंग्टन 1656 मध्ये व्हर्जिनियाला पोचला आणि त्याचा पणतू म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. गंमत म्हणजे या जॉर्जसाहेबांनी आयुष्यात इंग्लंडमध्ये पाय ठेवला नाही, अमेरिकेबाहेर गेले ते एकदाच, बार्बाडोसला. पण घराण्याची ढाल, म्हणजे दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, ती आजही अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहे. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर या गावात येऊन झाड लावून गेले.

गाव मात्र राजवाड्यांचं वगैरे नाही हं, कोळशाच्या खाणींचं. 1964 मध्ये त्याला 'न्यू टाऊन', म्हणजे सरकारने आखून वसवायचं नवं शहर, ठरवलं, खाणी बंद होत गेल्या, आणि 1986 ला शेजारी निसानचा कारखाना सुरू झाला. रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश रॉक बँडचा गायक ब्रायन फेरी इथलाच, जन्म 1945 चा, त्याचे वडील खाणीतल्या घोड्यांची देखभाल करायचे. इंग्लंडचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड पण इथलाच, 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध पेनल्टी अडवली तोच.

मला विचाराल तर खरी गोष्ट आडनावाची आहे. 2000 च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे साधारण 90 टक्के लोक कृष्णवर्णीय निघाले! अभिनेता डेन्झेल आठवा. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टनची तर कमालच, शाळेत हजेरी घेताना बाकी पोरांना दोन-दोन नावं आणि ह्याला फक्त बुकर, मग मास्तरांनी विचारल्यावर ह्याने शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' सांगून टाकलं. पुढे अलाबामात कृष्णवर्णीयांसाठी टस्कीगीची शाळा उभी करणारा माणूस हाच. ज्या जॉर्जच्या शेतावर शेकडो गुलाम राबत होते त्याचं नाव आज सगळ्यात जास्त कोण लावतंय बघा.

प्रश्न : मग आपला क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर? त्याचं पण नाव जॉर्जवरूनच का?

उत्तर : नाही नाही! चेन्नईत त्याच्या वडिलांच्या घराजवळ वॉशिंग्टन नावाचे एक निवृत्त फौजी राहायचे. वडील गरिबीत वाढले, क्रिकेटचं वेड होतं, तेव्हा शाळेचा युनिफॉर्म, पुस्तकं हे सगळं त्या फौजी काकांनी घेऊन दिलं. 1999 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी मुलगा झाला, म्हणून त्यांचं नाव ठेवलं.