सेंटरला हजर व्हायला सहा आठवडे उरलेत: धावणं कमी कर, पाय तयार कर

तुझे प्रश्न दोन. अग्निवीर जीडीत (जनरल ड्यूटी, म्हणजे लष्करातला साधा शिपाई) निवड झालीय, सहा आठवड्यांनी बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्री सेंटरला, म्हणजे त्या रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राला, हजर व्हायचंय आणि रोज डांबरी रस्त्यावर 10 किलोमीटर धावतोयस, ते पुरेल का? आणि ट्रंकेत काय भरायचं?

पुरेल कसलं, जास्तच होतंय. भरतीला 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलेस, 60 गुण मिळाले, तो विषय तिथेच संपला. सेंटरला पहिल्या महिन्यात तुझा वेग कुणी विचारत नाही. तिथे पहाटे अंधारात उठायचं, मग पीटी, ड्रिल, क्लास, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल, म्हणजे हजेरी. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तेही पळतच, आणि त्यातला बराच वेळ बुटात. दम कमी पडला म्हणून मागे राहणारे थोडे असतात. नडगी, टाच आणि फोड यांनी बसवलेले जास्त.

कारण साधं आहे. फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडं नाही. नवा भार आला की हाड आधी आतून थोडं झिजतं, मग भरून येतं, आणि भरायला वेळ लागतो. म्हणूनच पहिला आठवडा ठणठणीत काढलेला पोरगा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लंगडायला लागतो. घरूनच दुखरी नडगी घेऊन गेलास तर तो दिवस आणखी लवकर येईल.

तर आजपासून डांबर बंद. मातीचं मैदान किंवा शेतातली पायवाट धर. आठवड्यात चारच दिवस धाव, 4 ते 5 किलोमीटर, बोलत धावता येईल इतक्या वेगाने. त्यातल्या एका दिवशी 400 मीटरच्या चार-पाच फेऱ्या जोरात मार, म्हणजे वेग टिकेल. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस जाड तळव्याच्या बुटात झपाझप चालायचं: पहिल्या आठवड्यात 4 किलोमीटर रिकाम्या पाठीने, तिसऱ्यापासून पाठीवर 5 किलो, पाचव्यात फार तर 8 ते 10. वजन घेऊन धावायचं नाही. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आण. दमलेलं अंग घेऊन गेटवर जाऊ नकोस.

रोज दहा मिनिटं पायाच्या खालच्या भागाला दे. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, 15 चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघा किंचित वाकवून. मग भिंतीला पाठ टेकून टाचा फूटभर पुढे घे आणि फक्त चवडे उचल, 20 चे दोन सेट. नडगी वाचवायला याहून स्वस्त उपाय नाही. पुलअप्स आणि दंड चालू ठेव. फ्रंट रोल (पुढची कोलांटउडी) मऊ जमिनीवर शिकून जा: हनुवटी छातीला, टेकायचं खांद्याच्या मागच्या भागावर, डोक्यावर कधीच नाही. रगडा (शिक्षा म्हणून करवून घेतलेली कसरत) लागला की फ्रंट रोल मारावेच लागतात, आणि पहिल्यांदा तिथे शिकणारा मान अवघडून घेतो.

बूट तिथे मिळतील, बाहेरून घेऊन जाऊ नकोस. माप देताना मात्र लाजू नकोस. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, त्यामुळे जमलं तर संध्याकाळी, जे मोजे घालणार तेच घालून पाहा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, मागे टाच उचलली जाता कामा नये. 'उस्ताद, साइज बदलून मिळेल का' हे पहिल्याच दिवशी विचारलं तर उस्ताद (तिथले प्रशिक्षक) फार तर ओरडतील. पंधरा दिवसांनी विचारलंस तर तोवर टाच सोललेली असेल. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नको. सुई स्पिरिटने पुसून कडेला बारीक भोक पाड, पाणी काढ, वर चिकटपट्टी लाव.

दुखणं ओळखायला शिक. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतंय आणि विश्रांतीने उतरतंय, तर बर्फ आणि थोडा आराम. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येते, एका पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतं, तर हाडाला तडा असू शकतो. त्याच दिवशी सिक रिपोर्ट करून (आजारी असल्याचं कळवून) एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जा. 'रेलिगेट होईन', म्हणजे मागच्या बॅचमध्ये टाकतील, या भीतीने पोरं लपवतात. काही आठवड्यांचं दुखणं मग महिन्यांवर जातं आणि रेलिगेशन चुकत नाही ते नाहीच. त्याहून वाईट म्हणजे खिशात डायक्लोफेनॅकच्या (वेदनाशामक) गोळ्या ठेवून धावायला जाणं. कळ दबते, तडा वाढतो, आणि अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडावर बेततं. व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती प्री-वर्कआउटची पावडर घरीच ठेव.

पाणी एकदम ढोसायचं नाही, दिवसभर थोडं थोडं. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. परेडला सावधानमध्ये उभं असताना गुडघे मागे ताठ रोवू नकोस, बुटाच्या आत बोटं हलवत राहा. रक्त पायात साचलं की धिप्पाड पोरंही धाडकन पडतात. ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात. आपल्या कानाला 'दायाँ' (म्हणजे उजवा) डाव्यासारखं वाटतं आणि पाऊल उलटं पडतं. दाहिने मुड (उजवीकडे वळ), बाएँ मुड (डावीकडे वळ) घरीच मोठ्याने म्हणत शंभरदा वळ.

पावसाळ्यात जाणार असशील तर बेळगावचा पाऊस लक्षात ठेव. कपडे वाळत नाहीत, जांघेत गजकर्ण होतं आणि टॉवेल एकमेकांचा वापरला की अख्ख्या बॅरेकमध्ये फिरतं. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणू नको. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं.

आता कागद. आपल्याकडची खरी गोची इथेच होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर नाव आधी. वडील एका कागदावर 'पांडुरंग', दुसऱ्यावर 'पांडुरंगराव'. आई कुठे 'सुनीता', कुठे 'सुनीताबाई'. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धर आणि तुझं व आईवडिलांचं आधार, पॅन, बँक पासबुक त्याच्याशी इंग्रजी स्पेलिंगसकट जुळवून घे. निकट नातेवाईक म्हणून ज्यांची नोंद होईल त्यांचं नाव चुकलं तर पुढे विम्यापासून प्रत्येक गोष्टीत प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. सरपंचांचा चारित्र्य दाखला आणि अविवाहित दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. मूळ कागद, झेरॉक्सचे पाच संच आणि वीस फोटो वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत ठेव. कॉल लेटरमध्ये वेगळं काही मागितलं असेल तर तेच खरं.

ट्रंकेचं काय, तर कमी ने. पांढऱ्या बनियन, अंतर्वस्त्रं, दाढीचं सामान, नेलकटर, सुई आणि पांढरा, काळा, खाकी दोरा, सुटी बटणं, न पुसणारा मार्कर (प्रत्येक कपड्यावर नाव घाल, वाळत घातलेली बनियन सगळ्यांची सारखीच दिसते). पॉलिश, ब्रासो (पितळ चमकवायचं द्रव), ब्रश तिथल्या कॅन्टीनला मिळतं. मोबाईल सुरुवातीला जमा होईल असं धरूनच चल आणि घरचे नंबर वहीत लिहून ने. कुलूप दोन किल्ल्यांचं घे. एक किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी भरवशाच्या बॅचमेटकडे, कारण रोल कॉलच्या आधी पाच मिनिटं कुलूप फोडायला हातोडी मिळत नाही.