ईपी की अल्बम ते सोडा, आधी तो रिकामा रकाना बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चहा गार होईपर्यंत तसाच बसलो. चार ट्रॅक, एकूण ३३ मिनिटं, त्यातला शेवटचा एकटाच १७ मिनिटांचा. तुम्ही 'ईपी' (अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच) म्हणून पाठवलात, लागला 'अल्बम' म्हणून. वर एका स्ट्रीमिंग सेवेवर तो तुमच्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसला. आणि तुम्ही विचारताय, "सगळं काढून टाकून नव्याने चढवू का?"

नका. आज रात्री तर नकाच. टेकडाऊनचं, म्हणजे रिलीज काढून टाकण्याचं, बटण कुठे आहे ते विसरा, मग पुढचं वाचा.

अकाउंट कसं उघडायचं, कव्हर किती पिक्सेलचं लागतं, हे सांगत बसत नाही; तुमचं काम बघता ते तुम्हाला येतंच. मला एकच गोष्ट सांगायची आहे, गाण्याच्या आयएसआरसी क्रमांकाच्या रकान्याची, पण सांगताना भरकटणार आहे. आधीच माफी.

ईपी-अल्बमचं दुखणं पटकन उरकू. ३३ मिनिटं म्हणजे ३० च्या वर, आणि ३० च्या वर गेलं की स्पॉटिफाय काय, ॲपल काय, अल्बमच म्हणणार. चार ते सहा ट्रॅक आणि ३० मिनिटांच्या आत असेल तर ईपी. ॲपलकडे आपल्यासारख्यांची थोडी सोय आहे: एक ते तीन ट्रॅक असले, त्यातला एखादा दहा मिनिटांचा किंवा मोठा असला आणि एकूण ३० च्या आत बसत असलं, तरी ईपी धरतात. हे सगळं यंत्र ठरवतं, कुणी तुमच्यावर डूख धरलेला नाही. आणि खरं सांगू का, आपल्या या प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये, लांबलचक रचनांच्या या संगीतात, 'ईपी' या शब्दाला तसा अर्थ उरलेलाच नाही. ड्रीम थिएटर या बँडचं 'अ चेंज ऑफ सीझन्स' घ्या. शीर्षकगीत १९८९ मध्ये लिहून तयार होतं, १९९२ च्या अल्बमात जायचं होतं, एवढं लांब गाणं रेकॉर्ड कंपनीला नको होतं म्हणून राहिलं. बँड ते कार्यक्रमांत वाजवत राहिला, चाहते मागत राहिले, शेवटी सप्टेंबर १९९५ मध्ये आलं. २३ मिनिटांचं ते गाणं आणि त्याच्या जोडीला लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये त्याच वर्षी ३१ जानेवारीला दुसऱ्यांची गाणी वाजवलेली, त्याचं ध्वनिमुद्रण. सगळं मिळून ५७ मिनिटं. सत्तावन्न! आणि त्याला आजही सगळे ईपीच म्हणतात. उलट मेशुगा या बँडचं २००४ चं 'आय' म्हणजे २१ मिनिटांचा एकच ट्रॅक, तोही ईपी. तेव्हा तुमच्या ३३ मिनिटांना तुम्ही ईपी म्हणा, पोस्टरवर छापा, पाटी काय लागलीय तिकडे बघू नका. या एका कारणासाठी पुन्हा अपलोड करणं म्हणजे घराच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून घर पाडणं.

आता दुसरं दुखणं, चुकीच्या पानाचं. इथे माझे हात पोळलेत.

२०२१. आम्ही पुण्यातले चौघं. लॉकडाऊनमध्ये आपापल्या घरी गिटार-बेस रेकॉर्ड करून फायली एकमेकांना पाठवल्या, ड्रम्स तेवढे नंतर स्टुडिओत. तीन ट्रॅक, २८ मिनिटं, शेवटचा १६ मिनिटं ५२ सेकंदांचा. बँडचं नाव सांगत नाही, शोधूही नका. एक भारदस्त संस्कृत शब्द होता. विशीत वाटतं की हा शब्द जगात दुसऱ्या कुणाला सुचलाच नसेल.

प्रकाशन ठेवलं शुक्रवारी, १० सप्टेंबरला. २०१५ पासून नवं संगीत जगभर शुक्रवारीच येतं म्हणून शुक्रवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे हे तारीख टाकल्यावर लक्षात आलं, म्हटलं चला, शुभच झालं. बाप्पाच्या मनात वेगळं होतं. आमचा ईपी त्याच नावाने आरत्या आणि भजनं गाणाऱ्या एका कलाकाराच्या पानावर लागला. ऐन चतुर्थीला. त्या कलाकाराला फॉलो करणाऱ्या सगळ्या भाविकांना 'नवीन गाणी आली' असा निरोप गेला असणार. आमच्या गायकाच्या मावशीचा सकाळी फोन: "अरे, पूजेला आरती लावली तर मधेच कुणीतरी ओरडायलाच लागलं. मला तुझा आवाज वाटला." मावशीचं कौतुक करावं तेवढं थोडं; ग्राउलिंगमधून (मेटलमधल्या गुरगुरत्या गाण्यातून) भाच्याचा आवाज ओळखणं सोपं नाही.

आम्ही हसलो. दोन दिवस. मग ज्या कंपनीमार्फत (डिस्ट्रिब्युटर) गाणी सेवांवर चढवली होती तिच्या मदत-कक्षाला लिहिलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळीकडे हीच तऱ्हा. २४ ते ४८ तासांत उत्तर देऊ म्हणाले, नवव्या दिवशी दिलं. दर वेळी सही वेगळ्या माणसाची, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. एकदा तर काहीच न करता 'तुमची समस्या सुटली आहे' म्हणून तक्रार बंद केली आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल म्हणून विचारलं. पाचव्या आठवड्यात त्यांच्यातल्या कुणीतरी एक वाक्य लिहिलं: "हवं तर तुम्ही रिलीज काढून पुन्हा अपलोड करू शकता." हा सल्ला होता की आम्हाला कटवण्याची युक्ती, मला आजही ठरवता येत नाही.

मी ऐकलं. रात्री एक वाजता, बाकी तिघांना न विचारता, टेकडाऊन केलं. रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीकडे खातं उघडलं आणि फॉर्म भरायला घेतला. ट्रॅकचं नाव, संगीतकार, गीतकार, आणि त्यांच्या खाली एक रकाना: 'आयएसआरसी (असल्यास). नसल्यास आम्ही देऊ.'

मी तो रिकामा सोडला. आमची सगळ्यात महाग चूक ही. बाकी सगळं झेललं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (तुम्हाला कदाचित असेल): आयएसआरसी हा बारा अक्षरा-आकड्यांचा क्रमांक ध्वनिमुद्रणाचा असतो. कंपनीचा नाही, ईपीचाही नाही. ईपीला वेगळा बारकोड असतो. कंपनी बदला, ईपीमधलं गाणं उद्या अल्बमात घ्या, ध्वनिमुद्रण तेच असेल तर क्रमांक तोच राहायला हवा. स्ट्रीमिंग सेवा जुन्या गाण्याची मोजणी नव्या अपलोडला जोडतात ती मुख्यतः त्यावरून, शिवाय नाव, कलाकार, लांबी आणि आवाजाची फाइल जुळते का ते बघून. रकाना रिकामा सोडला की नवा क्रमांक मिळतो. नवा क्रमांक म्हणजे त्यांच्या दृष्टीने नवं गाणं.

वर मी आणखी शहाणपणा केला. 'नाहीतरी पुन्हा टाकतोच आहोत' म्हणून तिसऱ्या ट्रॅकचा नवा मास्टर (अंतिम ध्वनिफाइल) चढवला आणि सुरुवातीची चार सेकंदांची शांतता कापली. म्हणजे क्रमांक टाकला असता तरी जुळलं असतं का, शंकाच आहे.

सकाळी सगळीकडे शून्य. पाच आठवड्यांत चार हजारांच्या आसपास ऐकणी झाली होती. तुम्हाला हसू येईल, पण १७ मिनिटांच्या गाण्याला चार हजार म्हणजे आमच्यासाठी शनिवारवाडा भरल्यासारखं होतं. लोकांनी जपून ठेवलेली गाणी गेली. पोलंडमधल्या कुणा श्रोत्याने आम्हाला आपल्या प्रोग यादीत घेतलं होतं, बरेचसे ऐकणारे तिथूनच येत होते. त्या यादीत आमचं गाणं अजूनही करड्या अक्षरांत आहे, दाबलं तर वाजत नाही. त्या माणसाला कसं गाठायचं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

जुने क्रमांक मिळवायला पहिल्या कंपनीला लिहिलं, तर खातं बंद झाल्यावर माहिती देता येत नाही म्हणाले. शेवटी अकरा महिन्यांनी ते सापडले आमच्या ड्रमरच्या मेलमध्ये, पहिल्या महिन्याच्या हिशेबाच्या एक्सेल फायलीत, चौथ्या स्तंभात. इतके दिवस तिथेच होते. तोवर नव्या क्रमांकावर गाडी थोडी पुढे गेली होती, परत फिरण्यात अर्थ नव्हता. ड्रमरही कॅनडाला गेला होता. (त्याचा याच्याशी संबंध नाही. असेलही.)

तर तुम्ही आत्ता काय करायचं. डिस्ट्रिब्युटरकडच्या तुमच्या खात्याचा डॅशबोर्ड उघडा, चारही ट्रॅकचे आयएसआरसी आणि ईपीचा बारकोड एका कागदावर लिहा, फोटो काढा, बँडमधल्या प्रत्येकाला पाठवा. मग चुकीच्या पानाचं. त्यासाठी रिलीज काढावा लागत नाही, फक्त हलवावा लागतो. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये (कलाकारांसाठीच्या त्यांच्या खात्यात) चुकीच्या पानावर गेलेल्या संगीताची तक्रार थेट करता येते, आणि डिस्ट्रिब्युटरलाही 'आर्टिस्ट मॅपिंग (गाणं कोणत्या कलाकाराच्या पानाला जोडायचं ते) चुकलंय' याच शब्दांत लिहायचं. 'आमचं गाणं दिसत नाही' असं लिहिलंत तर ठरावीक उत्तर येतं. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये 'नवीन कलाकार' निवडायचं किंवा आपल्या पानाची लिंक द्यायची, नाव टाकून यंत्राच्या अकलेवर सोडायचं नाही.

कंपनी बदलायचीच असेल तर खुशाल बदला, पण आधी नवीकडे चढवा: तेच क्रमांक, तीच फाइल, तीच नावं, स्पेलिंगसकट. नवं दिसू लागेपर्यंत आणि आकडे जोडले जाईपर्यंत थांबा, मगच जुनं काढा. एखाद-दोन आठवडे दोन्ही दिसतील, दिसू देत. हा माझा आणि ओळखीच्या दोन-तीन बँडांचा अनुभव आहे, हमी नाही. त्या कंपन्यांचे नियम पावसासारखे बदलतात, तेव्हा करण्याआधी एकदा विचारून घ्या.

ऐकण्यांचे आकडे कशाला जपायचे असं तुमच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलंय. कारण २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत हजार ऐकणी नसलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. रक्कम वडापावाची असते हे मान्य. पण वडापाव आपला असतो.

त्याच प्रतिसादात १७ मिनिटांचं गाणं पाच तुकडे करून टाका, पाचपट ऐकणी मिळतील, असा सल्ला आहे. गणित बरोबर आहे: ३० सेकंद ऐकलं की एक मोजलं जातं, पुढे १७ मिनिटं ऐका नाहीतर नका ऐकू. आणि मोठमोठ्यांनी तुकडे केलेत. ड्रीम थिएटरच्याच २००२ च्या अल्बमात ४२ मिनिटांचं शीर्षकगीत आठ ट्रॅकमध्ये विभागलंय. पण ते मुळात तशा भागांत रचलेलं होतं. तुमचं तसं नाही, मी ऐकलंय. माझं मत: कापू नका. कापायचंच असेल तर पुढच्या रचनेत, लिहितानाच. आणि तेव्हा ट्रॅक जिथे जोडले जातात तिथे फेड (आवाज हळूहळू कमी-जास्त करणं) देऊ नका, वेव्ह (न दाबलेल्या ध्वनीच्या) फायलीच द्या. सीडी काढणार असाल तर काप ५८८ सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका डिजिटल नोंदीच्या) पटीत ठेवा, सीडीची एक फ्रेम तेवढी असते. नाहीतर सांध्यावर बारीक 'टक्' ऐकू येतं आणि मग ते आयुष्यभर तेवढंच ऐकू येतं.

जाता जाता तुमच्या दुसऱ्या ट्रॅकबद्दल. सुरुवातीला जुन्या तबकडीवरचं नाट्यपद वाजतंय, फार सुंदर बसलंय. मी वकील नाही. पण पद आणि तबकडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद ज्यातलं आहे ते 'संगीत शारदा' नाटक १८९९ चं, त्याचे लेखक गोविंद बल्लाळ देवल गेले १९१६ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं केव्हाच उलटली, ते शब्द तुम्ही स्वतः गाऊ शकता. तबकडीचं मात्र ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे ती नेमकी कधीची हे तुम्हाला माहीत हवं. तुमची तबकडी करकरते, पण करकर म्हणजे वयाचा दाखला नव्हे. शंका असेल तर कुणाकडून तरी गाऊन घ्या. तो बदल केलात तर ते नवं ध्वनिमुद्रण, त्याला नवा क्रमांक घ्या, आणि तेवढ्या एका ट्रॅकसाठीच तो रकाना रिकामा सोडा.

आणि अकराव्या मिनिटाला सात मात्रांवरून पाचांवर येता तिथे बेस थोडा वर हवा होता. पण म्हणून आत्ता मास्टरला हात लावू नका.