फोर्क बदलायचाय? आधी हेडट्यूब मोजा

सायकलकट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवगडहून) : नमस्कार सर, माझ्याकडे २९ इंची चाकाची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) आहे, सेकंडहँड घेतलेली. पुढे सनटूरचा एक्ससीटी फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉक), १०० मिमीचा, क्विक रिलीजवाला, मेकॅनिकल डिस्क. माझं वजन ८२ किलो. सकाळी सड्यावर चालवतो, आमच्याकडचा जांभा तुम्हाला माहितीच असेल, कातळभर नुसते खळगे, घरी येईपर्यंत हातांना मुंग्या. गेल्या पावसाळ्यानंतर फोर्क धड दबत नाही आणि दबला की कटकट वाजतो. पुण्यातला एकजण १४० मिमीचा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) स्वस्तात देतोय, टेपर्ड, बूस्ट एक्सल. मित्र म्हणतात घेऊन टाक, बसतो सगळं. बसेल का?

उत्तर : जसाच्या तसा नाही बसणार, आणि खटपट करून बसवलात तरी मी नकोच म्हणेन. का ते सांगतो, म्हणजे पुढचा स्वस्त फोर्क दिसला की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. सगळे आधी ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क किती मिमी दबतो ते बघतात, १०० की १२० की १४०, आणि खरी भानगड असते ती फ्रेमच्या नाकात, म्हणजे हेडट्यूबमध्ये.

फोर्कची जी दांडी हेडट्यूबमधून वर हँडलपर्यंत जाते तो स्टीअरर. तुमच्या एक्ससीटीचा स्टीअरर बहुतेक सरळ असणार, वरपासून खालपर्यंत १-१/८ इंच म्हणजे २८.६ मिमी. टेपर्डचा वरती तेवढाच असतो पण खाली दीड इंचापर्यंत जाड होत जातो. आता तुमच्या हेडट्यूबला बारीक सुतळी गुंडाळा, घेर मोजा, ३.१४ ने भागा, वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा. खालचं टोक वरच्यापेक्षा चांगलंच जाड आलं तर फ्रेम टेपर्ड आहे, प्रश्न मिटला, कारण त्यात टेपर्ड तर बसतोच पण योग्य रिड्यूसर रेस (खालच्या बेअरिंगसाठीची कडी) टाकून सरळ स्टीअररही बसतो. दोन्हीकडे सारखंच आणि ५० मिमीच्या आसपास आलं आणि हेडसेटचे (हेडट्यूबमधल्या बेअरिंगच्या सेटचे) कप फ्रेमच्या आत गडप असतील तर आतला व्यास बहुतेक ४४ मिमी, तिथे खालचा कप बदलून बाहेर दिसणारा कप लावला की टेपर्ड जातो (दुकानात मागताना ईसी ४४/४० असा कोड सांगा, नाहीतर भलतंच काहीतरी हातात देतील). फक्त तो कप पुढची बाजू साधारण १०-१२ मिमी उचलतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि हेडट्यूब बारीक असेल, वर-खाली दोन्ही कप बाहेर दिसत असतील, तर आतला व्यास ३४ मिमी, मग टेपर्डचा विषय संपला. त्याला कुठलाही अडॅप्टर नाही, कुणी आहे म्हणाला तरी नाही. सुतळीने अंदाज येतो एवढंच, पैसे देण्याआधी मेकॅनिककडून हेडसेट उघडून आतून व्हर्नियरने मोजून घ्या.

दुसरं एक्सल. तुमचं पुढचं हब ९ बाय १०० क्विक रिलीजचं. तो फोर्क बूस्ट आहे म्हणजे १५ बाय ११०, एक्सल जाड आणि हब १० मिमी रुंद. काही चांगल्या हबना एंड कॅप बदलून क्विक रिलीजचं थ्रू एक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड एक्सल) करता येतं, आणि १५ बाय १०० चं हब बूस्ट फोर्कात बसवायला दोन्हीकडे ५-५ मिमीचे स्पेसर आणि रोटरखाली (ब्रेकच्या चकतीखाली) वेगळा स्पेसर असं किट मिळतं. पण सायकलीबरोबर आलेल्या साध्या कप-कोन (सुट्या छऱ्यांच्या) हबला यातलं काही चालत नाही. म्हणजे नवीन हब, नवीन स्पोक, चाक विणायची मजुरी, नाहीतर अख्खं नवीन चाक. स्वस्त फोर्क इथेच महाग व्हायला लागतो.

ब्रेकचंही तसंच, विकणाऱ्याला विचारा की डिस्कचा माउंट १६० चा आहे की थेट १८० चा, कारण १८० च्या माउंटवर तुमचा १६० चा रोटर चालणार नाही, उलटं मात्र चालतं, अडॅप्टर लावून.

आता ट्रॅव्हल. १०० च्या जागी १४० म्हणजे एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जोडतात तिथपर्यंतची) उंची साधारण ४० मिमी वाढली, आणि तो ईसी कप लावलात तर वरून अजून दहाबारा. ठोकताळा असा की पुढून २० मिमी उचललं की हेड अँगल (हेडट्यूबचा उतार) साधारण १ अंश झोपतो. म्हणजे तुमचा दोन-अडीच अंशांनी झोपेल, सीटचा अँगलही तेवढाच मागे जाईल, पेडलचा मधला भाग दीडेक सेंटीमीटर वर येईल. उतारावर मजा येईल, नाही म्हणत नाही, पण सड्यावरून खाली वाडीत उतरलात की परत वर यायचंच असतं आणि त्या चढावर पुढचं चाक इकडेतिकडे भरकटत राहील. त्याहून वाईट म्हणजे लांब फोर्क हेडट्यूबच्या वेल्डिंगवर जास्त जोर टाकतो. छोट्या होडीला मोठं इंजिन लावलं की होडी पळते खरी, पण मागची फळी किती दिवस टिकेल ते विचारायचं नाही, तसं आहे हे. १०० साठी बनवलेल्या फ्रेमला १०० च लावा, फ्रेम कंपनी चालतं म्हणत असेल तर फार तर १२०. आणि नुसता ट्रॅव्हलचा आकडा बघू नका, तुमच्या आताच्या फोर्कची एक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस बसते तिथपर्यंतची उंची टेपने मोजून ठेवा आणि नव्याची तीच उंची विचारा. दोन कंपन्यांचे १०० मिमीचे फोर्कसुद्धा उंचीला सारखे नसतात.

सेकंडहँडमध्ये अजून एक फसगत असते, कापलेला स्टीअरर. तुमची हेडट्यूब समजा १२० मिमी, हेडसेट वर-खाली मिळून २५, स्पेसर २०, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) ४०, झाले २०५, त्यातून ३ वजा कारण वरची कॅप आवळायला तेवढी जागा लागते, म्हणजे २०२ मिमी स्टीअरर हवा. समोरच्याने त्याच्या छोट्या फ्रेमसाठी १७५ ला कापला असेल तर तो फोर्क तुमच्यासाठी भंगार. आणि कृपा करून बंदरावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन वाढवून घेऊ नका, तो माणूस त्याच्या कामात कितीही हुशार असला तरी, कारण स्टीअरर तुटला की थेट तोंडावर पडाल.

मग घ्यायचा कुठला? २९ चाक, १०० मिमी, ९ मिमी क्विक रिलीज, पोस्ट माउंट (डिस्क ब्रेक बसवायची जागा), आणि हेडट्यूब निघेल त्याप्रमाणे सरळ किंवा टेपर्ड, एवढं कागदावर लिहा आणि त्यात बसणारा एअर फोर्क शोधा. रॉकशॉक्सचा जुडी सिल्व्हर किंवा सनटूरचा एक्ससीआर ३२ एअर हे या कामाचे, दोन्हींत सरळ स्टीअरर आणि क्विक रिलीजचे प्रकार आलेले आहेत. पण एकाच नावाखाली चार-पाच प्रकार विकले जातात, त्यामुळे नुसतं जुडी द्या म्हणून ऑर्डर करू नका, प्रत्येक आकडा जुळवा. ८२ किलोला एअर फोर्कच बरा, कारण हवा वजनाप्रमाणे भरता येते. फोर्कच्या पायावर वजनाप्रमाणे प्रेशरचा तक्ता चिकटवलेला असतो, तिथून सुरुवात करा, मग सायकलवर नेहमीसारखे उभे राहिल्यावर १०० पैकी २० मिमीच्या आसपास दबला म्हणजे जमलं.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुमच्या जागी मी असतो तर आधी दोन गोष्टी केल्या असत्या. एक, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, एक बोट हेडसेटवर ठेवा, मग फोर्कच्या सीलवर. कटकट हेडसेटमध्ये लागली तर फोर्क निर्दोष आहे, हेडसेट आवळा किंवा बेअरिंग बदला. सीलपाशी लागली तर बुशिंग (नळी ज्यात सरकते ती आतली कडी) झिजलंय, तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही. नुसता जड दबत असेल तर पावसाचं पाणी आणि तांबडी माती आत जाऊन ग्रीसचं पीठ झालेलं असतं, खालचे दोन बोल्ट सोडून खालचे पाय उतरवायचे, पुसायचं, फोर्कचं ग्रीस भरायचं, अर्ध्या दिवसाचं काम. आणि दोन, टायरमधली हवा बघा. आपल्याकडे पंक्चरवाला टायरवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा बघून हवा ठोकतो, ५०-६० पीएसआय, आणि मग आपण फोर्कला शिव्या देतो. २.२५ च्या टायरला ट्यूब असली तरी तुमच्या वजनाला ३०-३५ पुरते, खळगा आला की रिमवर आपटत असेल तर दोन-चार वाढवा. निम्म्या मुंग्या तिथेच जातील.

एवढं करूनही समाधान नाही झालं तर फोर्क घ्या, पण आज सायकल विकली तर जेवढे येतील त्याच्या निम्म्याहून महाग फोर्क घालू नका, त्यापेक्षा साठवा आणि पुढची सायकलच चांगल्या फोर्कची घ्या.

प्रश्न (गुहागरहून) : माझी २६ ची जुनी सायकल आहे, व्ही-ब्रेकवाली (रिमवर दाबणारे ब्रेक), पुढचा शॉक पूर्ण मेलाय, नुसता खालीवर डुलतो. डिस्कवाला शॉक टाकून घेऊ का? दाभोळची फेरी पकडून पलीकडे दापोलीपर्यंत जाणं-येणं असतं, जास्त करून डांबरीच.

उत्तर : आधी स्टेम बघा. स्टेम बाजूच्या दोन बोल्टनी स्टीअररवर आवळलेला आहे की वरून एकच लांब बोल्ट आत जातो आणि स्टेम फोर्कच्या आत घुसलेला आहे? दुसरा प्रकार असेल तर तुमचा फोर्क आटेवाला आहे आणि आजचे बिनआट्याचे फोर्क हेडसेट आणि स्टेम बदलल्याशिवाय बसणार नाहीत. जुन्यातल्या काही स्टीअरर तर १ इंचाच्याच असतात, मग तेही नाही.

शिवाय डिस्कचा फोर्क घेतला तर पुढचं हब डिस्कचं हवं, म्हणजे परत चाक. आणि २६ मध्ये चांगला नवीन फोर्क आता शोधूनच काढावा लागतो, मिळतो तो बहुतेक सुरुवातीच्या रेंजचा, जड, दोन वर्षांत परत डुलायला लागणारा.

तुमचा रस्ता डांबरी आहे, घाट्या आहेत, मग शॉक हवाच कशाला? साधा रिजिड (न दबणारा) फोर्क घ्या, व्ही-ब्रेकचे खुंट असलेला. फक्त तो सस्पेन्शन फोर्कच्या उंचीचा बनवलेला हवा, सस्पेन्शन करेक्टेड म्हणून मागा, नाहीतर नाक खाली जाईल आणि सायकल नको तितकी चपळ होईल. जुन्याची उंची मोजा, त्यातून रायडरच्या वजनाने दबतो तेवढे १५-२० मिमी वजा करा, त्याच्या जवळपासचा रिजिड घ्या. सायकल किलोभर तरी हलकी होईल आणि जेटीवर उचलून चढवताना तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळेल.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून) : घर समुद्राला लागून आहे. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आलेत. पॉलिश करून चालेल?

उत्तर : नखाने चाचपून बघा. नख सरकलं तर नुसता वरचा डाग आहे, बारीक पॉलिशने जाईल. नख अडकलं तर खड्डा पडलाय, तो प्रत्येक वेळी सील खरवडणार आणि त्याच खड्ड्यातून वाळू आत नेणार, पॉलिशने तो भरत नाही. स्वस्त फोर्कच्या नळ्या क्रोम केलेल्या स्टीलच्या असतात आणि खारी हवा त्यांना सोडत नाही. पुढचा घ्याल तेव्हा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा घ्या, तोही अमर नसतो पण बराच तग धरतो. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने नळ्या पुसा, मग कोरड्याने, आणि सीलपाशी फोर्कच्या सिलिकॉन ल्यूबचा एक थेंब. गंज सोडवायचा स्प्रे सीलवर मारू नका, तो आतलं ग्रीसच धुऊन काढतो. गाडी धुवायच्या प्रेशर पाइपनेही नको. रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर चालवत असाल तर तेवढी वाट बघू नका.

प्रश्न (कुडाळहून) : माझं वजन ५० किलो आहे, नवीन सायकलचा फोर्क माझ्याच्याने दबतच नाही. दुकानातले दादा म्हणाले नॉब ढिला करा ताई. केला, काही फरक नाही.

उत्तर : ताई, फरक पडणारही नाही फारसा. तो नॉब प्रीलोडचा, त्याने स्प्रिंग सुरुवातीला किती आवळलेली आहे एवढंच बदलतं, स्प्रिंगचा मूळचा कडकपणा तोच राहतो, आणि कंपनीतून येणारी स्प्रिंग तुमच्यापेक्षा बऱ्याच जड माणसाचा विचार करून घातलेली असते. आधी दुसरा नॉब लॉकआउटचा (फोर्कचं दबणं बंद करणारा) आहे का बघा आणि तो चुकून बंद तर नाही ना, हे हसण्यासारखं वाटेल पण बऱ्याचदा तेच निघतं. ते नसेल तर तुमच्या मॉडेलला सॉफ्ट स्प्रिंग मिळते का विचारा, काही मॉडेलना मिळते आणि नव्या फोर्कच्या मानाने बरीच स्वस्त पडते. नाहीच मिळाली तर एअर फोर्क, आणि त्याच्याबरोबर शॉक पंप वेगळा घ्या, टायरचा पंप फोर्कला लावायचा नाही, फोर्कात हवा इतकी थोडी असते की तो पंप काढतानाच निम्मी निघून जाते.