डिशवॉशर घेण्याआधी नळाचं पाणी तपासा

ताई, तुम्ही विचारलंत की वाघोलीच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, घरात पाच माणसं आहेत, तर 8 सेटिंगचं, म्हणजे आठ जणांच्या जेवणाची भांडी मावणारं, छोटं मशीन घ्यावं की 13-14 चं, आणि कढया-कुकर त्यात निघतात का. माझ्याकडे सात वर्षं मशीन आहे, तेही अशाच पाण्यावर चालतंय. म्हणून आधी पाण्याचंच बोलते.

पहिले चार महिने माझ्या स्टीलच्या ताटांवर रोज पांढरट थर दिसायचा. बोट फिरवलं की खडूसारखं लागायचं. पावडर बदलली, जास्त घालून पाहिली, फरक शून्य. शेवटी मॅन्युअल घेऊन बसले तेव्हा कळलं, मशीन बसवणाऱ्याने पाण्याच्या जडपणाची सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवली होती! मशीनमध्ये पाणी मृदू करणारा एक भाग असतो. त्यातलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामाला तयार होतं. पाणी जितकं जड, तितका आकडा वर. तो वाढवल्यावर नवा थर धरायचा थांबला. जुना थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून काढला.

जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या आणा. टीडीएस मीटर सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यावर जाऊ नका. मीठ डिशवॉशरचंच, जाड दाण्याचं घाला. खायचं बारीक मीठ आत घट्ट बसतं. आणि मीठ भरलं की लगेच मशीन लावा. सांडलेलं मीठ रात्रभर तळाशी राहिलं तर स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात.

पाच माणसांना 8 चं घेऊ नका. सेटिंगचा हिशोब काटेचमचे आणि बशांचा असतो, आपल्या पातेल्यांचा नाही. छोट्या मशीनमध्ये एक कढई आणि कुकरची भांडी गेली की ताटांना जागा उरत नाही.

स्टीलची कढई छान निघते. तळाला करपलं असेल तर तासभर भिजवा आणि 70 अंशांचा प्रोग्रॅम लावा. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मात्र कधीही नको, गरम पाण्यात पावडरच्या अल्कलीने तो काळा पडतो. लोखंडी तवा, बिडाची कढई, पोळपाट-लाटणं, तांब्या-पितळेची भांडी हातानेच घासा.

खरकटं झटकून टाका, पण भांडी विसळत बसू नका. त्यात पाणी आणि वेळ दोन्ही जातात, आणि पावडरमधली एन्झाइम्स चिकटलेला भात-डाळ सोडवायलाच असतात. वाट्या पालथ्या, जरा तिरक्या लावा, एकात एक नको. दार लावण्याआधी फवाऱ्याचा पंखा हाताने एकदा फिरवा, पातेल्याचा कान अडत असेल तर तेव्हाच कळतं. फिल्टर मी दर रविवारी काढते, कढीपत्ता आणि लिंबाच्या बिया हमखास निघतात. एकदा वरच्या रॅकमधले पेले सतत मळकट राहत होते. पंखा काढून पाहिला तर दोन भोकांत मोहरीचे दाणे बसले होते, टूथपिकने काढले.

सिंकजवळ 16 अँपिअरचा पॉइंट आणि पाण्याचा वेगळा कॉक आधीच करून घ्या. वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचा दाब पुरतो का तेही बघून घ्या. पट्टीवर काय आकडा येतो तो कळवा, तुम्ही बघताय त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून सेटिंग मिळूनच ठरवू.