गावात एचआयव्हीवर पथनाट्य करायचंय, लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवून जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एनएसएसचा कॅम्प धारूरकडच्या गावात आहे आणि पथनाट्य १ डिसेंबरला, एड्स दिनाला करायचंय. आधी ती तारीख बदला. डिसेंबरात त्या गावात असतं कोण? दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या भरतात, कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) निघतात कोल्हापूर-सांगली नाहीतर कर्नाटकात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिललाच परत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. गणपतीत नाहीतर नवरात्रात करा, मंडळाचा माइक पण आयता मिळतो, आणि ज्यांच्या गोळ्या सुरू आहेत त्यांना निघायच्या आधी सांगता येतं की एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते सरकारी केंद्र) जाऊन बोला, जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतात का ते विचारा, नाहीतर साखर कारखान्याच्या जवळच्या सेंटरवरून घ्यायची सोय करून घ्या. गोळी मध्येच सुटणं हा आपल्याकडचा खरा घोर आहे.

दुसरं म्हणजे नाटकातली कवटी, हाडं, शेवटी हिरो मरतो, हे सगळं काढून टाका, प्लीज. मी बीड जिल्ह्यात काही वर्षं समुपदेशक होते. एक बाई यायची, गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढायची आणि हलवली की वाजते म्हणून आत कापूस कोंबायची, कारण सासूला कळलं तर ताट-तांब्या वेगळा होईल. भिंतीवर "एड्स म्हणजे मरण" लिहून आपण त्या सासूलाच बळ देतो, आणि ज्याला शंका असते तो माणूस म्हणतो, "मरायचंच हाय तर तपासून काय करू?"

मग सांगायचं काय, तर जे खरंच बदललंय ते. सरकारी दवाखान्यात २००४ पासून औषध फुकट आहे, आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते, नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही आणि तसाच दबलेला राहिला तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. हे गावात जवळजवळ कुणालाच माहीत नसतं! गरोदर बाईला वेळेत उपचार मिळाले तर बाळाला लागण व्हायची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली येते, उपचारच नसले तर ती १५ ते ४५ टक्के असते. हा आकडा नाटकात एखाद्या आजीच्या तोंडी घाला, बायका ऐकतात.

भेदभावाचा सीन करायचा असेल तर लांब जायची गरज नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावात २००९ ला सेवालय या संस्थेत राहणारी एचआयव्ही असलेली मुलं झेडपीच्या शाळेत यायला लागली तर पालकांनी आपली पोरं पाठवणं बंद केलं होतं. आता २०१७ चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून शाळेतून, नोकरीवरून काढता येत नाही आणि रिपोर्ट संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही.

नाटक संपल्यावर "काही प्रश्न?" असं माइकवरून विचारू नका, सगळ्या गावासमोर कोण तोंड उघडणार. कोऱ्या चिठ्ठ्या सगळ्यांनाच वाटा, ज्याला काही विचारायचं नाही त्यानंही कोरी टाकायची, म्हणजे कुणी विचारलं ते कळत नाही. डास चावला तर, एका ताटात जेवलं तर (दोन्हीतून होत नाही, ठणकावून सांगा), नवरा तपासायला येत नाही तर, असे प्रश्न येतील. शेवटच्या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर नसेल, म्हणून जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राच्या) समुपदेशकांना सोबत न्या, आशाताईंना आधी भेटा. चेहरा ओळखीचा झाला की माणूस त्या खोलीचं दार लोटतो. आणि १०९७ हा टोल फ्री नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्ठा रंगवून या, तुम्ही गेल्यावर तो तिथं राहील.