माझ्या लग्नाच्या तारखेलाच क्लायंटचं बुकिंग आहे, ते म्हणतात केस करू

ताई, आधी अभिनंदन, मग भांडणाचं बोलू.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही लग्नाचे फोटो काढता, एका जोडप्याचं बुकिंग बरंच आधी घेतलंय, अर्धे पैसे ॲडव्हान्स आलेत आणि आता तुमच्या स्वतःच्या लग्नाला हॉल मिळाला तो नेमका त्याच तारखेचा. तुम्ही त्यांना कळवलं की माझी असिस्टंट येईल, तिचं काम माझ्याइतकंच चांगलं आहे, तर ते म्हणतात आम्ही तुमचं काम बघून बुक केलंय, तुम्हीच या, नाहीतर ॲडव्हान्स दुप्पट परत द्या, नाहीतर केस. शिवाय तुमच्या लग्नाचे फोटो याच लाइनमधली एक मैत्रीण पैसे न घेता काढणार आहे, तर ते फोटो कोणाचे हेही विचारलंय.

पहिली भीती काढून टाका. कोर्ट तुम्हाला स्वतःच्या लग्नातून उठवून दुसऱ्याच्या लग्नात कॅमेरा घेऊन उभं करणार नाही. जो करार माणसाच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असतो तो जसाच्या तसा पाळायला भाग पाडता येत नाही, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चं कलम १४ तेच सांगतं. पण म्हणून करार मोडला तरी चालतो असं नाही हं, पैशाची जबाबदारी तुमच्यावर राहतेच.

आता असिस्टंटचं. इथे तुमची बाजू पडती आहे, स्पष्टच सांगते. करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ४० मध्ये असं आहे की काम त्याच व्यक्तीने करायचं असा दोघांचा इरादा असेल तर ते तिनेच करायला हवं, आणि खाली उदाहरण दिलंय चित्रकाराचं, की चित्र काढून द्यायचं कबूल केलं तर ते स्वतःच काढून द्यायचं. तुमच्यासारख्या फोटोग्राफरला हे किती लागू पडतं बघा, कारण लोक तुमचा हात बघूनच येतात आणि तुमची जाहिरातही तुमच्याच नावावर चालते. तुमच्या करारात "आणीबाणीत टीममधला दुसरा फोटोग्राफर पाठवला जाईल" अशी ओळ आहे आणि तुम्ही तिच्यावर भिस्त ठेवून आहात, पण आणीबाणी म्हणजे ताप, अपघात, घरात मृत्यू. जी तारीख तुम्ही स्वतः डायरी बघून (किंवा न बघून!) ठरवली ती आणीबाणी कशी होईल? कलम ५६ मधला "काम करणं अशक्य झालं" हा बचावही त्याच कारणाने चालणार नाही, स्वतःच्या निर्णयाने आलेली अडचण त्यात बसत नाही.

"ॲडव्हान्स नॉन रिफंडेबल" ही ओळ तर विसराच. ती क्लायंटने कॅन्सल केलं तर तुम्हाला वाचवायला लिहिलीय, इथे कॅन्सल तुम्ही करताय. पैसे पूर्ण परत करा, कापाकापी न करता, आणि आजच करा.

दुप्पट मात्र द्यायचं कारण नाही. तुमच्या करारात असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तुमच्या केसमध्ये कलम ७३ लागतं, म्हणजे करार मोडल्यामुळे जे नुकसान साहजिकच होतं ते. सोप्या हिशोबात, त्यांना तुमच्याच दर्जाचा दुसरा फोटोग्राफर तुमच्यापेक्षा जितका महाग पडेल तितका फरक. आणि नुकसान कमी ठेवायला त्यांना काय करता आलं असतं हेही बघितलं जातं, ते हातावर हात ठेवून बसले आणि मग बिल तुमच्या नावावर फाडलं असं चालत नाही. म्हणूनच मी म्हणते की तुमच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट कायद्याचं कलम नाही, ती आहे तारखेपर्यंत उरलेला वेळ. आज लेखी कळवलंत, त्या दिवशी मोकळे असलेले चांगले दोन-तीन फोटोग्राफर स्वतः शोधून दिलेत, तर त्यांचं नुकसान जवळजवळ उरतच नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत "बघू, मानतील" करत बसलात तर उलटं होईल.

केस कुठे होईल तर बहुतेक ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते जिथे राहतात तिथेच तक्रार करू शकतात, वकील लागत नाही, आणि आयोग मानसिक त्रासाचेही पैसे देऊ शकतो. एकदाच होणाऱ्या समारंभाचे फोटो म्हटल्यावर हा मुद्दा किती जड पडेल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यामुळे फरकाची थोडी रक्कम स्वतःहून देऊ करणं स्वस्त पडेल असं माझं मत. घेतली तर "आता काही येणं बाकी नाही" असं त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि मन बदलून असिस्टंटला हो म्हणाले तर तेही तिच्या नावासकट लेखी.

आता मैत्रिणीचे फोटो. कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, आणि एरवी मालकीही तिचीच. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. मैत्रीण खरंच फुकट काढत असेल तर मोबदला नाही, म्हणजे तुमच्या लग्नाचे फोटो तिचे. "तिच्या लग्नात मी काढीन" असं ठरलं असेल तर तो मोबदला म्हणता येईल, पण मैत्रीत हा वाद घालायला कशाला जायचं? एक पान लिहा: मालकी कोणाची, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या) मिळणार का (मालकी असली म्हणजे रॉ आपोआप मिळतात असं नाही), ती कुठले फोटो टाकू शकते आणि तुमचा होकार घेऊन का. मालकी तुमच्याकडे घ्यायची तर तिची सही हवी आणि मुदत लिहायला विसरू नका, नाहीतर कायदा ती पाच वर्षंच धरतो. फोटोखाली तिचं नाव यायचा हक्क मात्र त्यानंतरही तिचाच राहतो.

हाच अपवाद तुमच्या धंद्यालाही लागतो, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तुमच्या करारात मालकीबद्दल एक शब्द नाही, म्हणजे आजवर पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट क्लायंटचा, आणि वडिलांनी बुक केलं असेल तर कदाचित वडिलांचा. पोर्टफोलिओत टाकताना परवानगी घेत होतात ना? नसेल तर पुढच्या बुकिंगपासून ती ओळ टाका. आत्ता हे जोडपं चिडलेलं आहे, तर त्यांच्या प्री-वेडिंगचे फोटो तुमच्या पेजवर असतील ते आधी काढा.

त्यांना फोन करू नका, मेसेज करा. त्यात तारीख, पैसे परत केल्याचा ट्रान्झॅक्शन नंबर, सुचवलेली नावं आणि साधी दिलगिरी, "माझीच चूक" वगैरे लांबण नको. उत्तराचा नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका, अख्खं चॅट एक्स्पोर्ट करा, आणि ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं असते तेवढे दिवस हा फोन विकू नका.