हाताने गोधडी शिवते. जपानी साशिको करून पाहावं का, आणि तिन्ही थरांतून एकदमच शिवता येईल का?

जरूर करून पाहा. साशिको म्हणजे धावदोऱ्याने कापडावर नमुने काढायचं जपानी शिवणकाम. धावदोरा येतो म्हणजे टाका तुमच्याकडे आहेच. हात मात्र नव्याने बसवावा लागतो, आणि मला तेच कळायला सहा महिने लागले, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

गोधडी शिवताना कापड पसरलेलं असतं आणि आपण सुई चालवतो. तीन-चार टाके सुईवर घ्यायचे, दोरा ओढायचा, पुढे सरकायचं. साशिकोत सुई जवळजवळ जागेवर राहते आणि कापड तिच्यावर चढतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगठीसारखा अंगुस्ताना असतो, त्याची चकती तळव्याकडे येते. लांब सुईचं नेढं त्या चकतीला टेकवायचं, टोक अंगठा आणि तर्जनीत धरायचं, आणि डाव्या हाताने कापड खाली-वर हलवत राहायचं. सुईवर कापडाच्या निऱ्या जमतात. सुई भरली की ती ओढून घ्यायची आणि लगेच बोटांनी टाके मागे निपटत कापड पुन्हा सपाट करायचं. जपानीत या निपटण्याला ‘इतोकोकी’ असं वेगळं नावच आहे. ही पायरी गाळू नका. यासाठीच कापड भरतकामाच्या रिंगमध्ये लावत नाहीत. ताणलेलं कापड सुईवर चढणार कसं?

माझी पहिली उशीची खोळ याच पायरीपायी वाया गेली. गडद निळं कापड, त्यावर ‘आसानोहा’ म्हणजे हेम्पच्या, भांगेच्या जातीच्या धाग्याच्या झाडाच्या, पानाचा नमुना. ते झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून तिकडे तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर हा नमुना काढायचे. मी रिंग लावली, साधा सहापदरी भरतकामाचा दोरा घेतला आणि गोधडीच्या सवयीने प्रत्येक ओळ घट्ट ओढली. धुतल्यावर खोळ आकसली, नमुना बसकट झाला आणि पांढऱ्या दोऱ्यावर निळा रंग चढला. गोधडीला अशा चुण्या शोभतात, किंबहुना त्यांच्याशिवाय ती गोधडी वाटतच नाही. साशिकोत कापड सपाट राहायला हवं. तेव्हापासून मी कापड आधी गरम पाण्यातून दोन-तीनदा काढते, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नमुन्याचा कोपरा वळताना उलट बाजूला दोऱ्याचा बारीकसा सैल फास ठेवते. आणि आसानोहात जिथे सहा रेघा एकत्र येतात, तिथे सुलट बाजूला मधोमध बारीक जागा मोकळी सोडते. सगळे टाके एकमेकांवर चढले की तिथे गाठीसारखा उंचवटा दिसतो.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा असू द्या, इंचाला पाच-सहा. सुलट बाजूचा टाका उलट बाजूच्या टाक्यापेक्षा थोडा मोठा, साधारण तीनास दोन. गाठ मारायची नाही. सुरुवातीला तीन टाके उलट दिशेने घालून त्यांच्यावरूनच परत यायचं.

दोऱ्यावर मात्र पैसे वाचवू नका. साशिकोचा दोरा जाड, मऊ, सैल पिळाचा आणि बिनचकाकीचा असतो, त्याला कारण आहे. जपानच्या उत्तरेकडे, आजच्या आओमोरीतल्या त्सुगारू भागात, थंडीमुळे कापूस पिकत नसे. 1724 साली तिथल्या संस्थानाने शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाही मनाई केली. मग हेम्पच्या विरविरीत, निळीत रंगवलेल्या कापडाची भोकं बायका दोऱ्याने भरून काढायच्या, म्हणजे वारा आत शिरणार नाही. पुढे सुती दोरा मिळू लागला तशी ही भरण अधिक दाट आणि उबदार झाली. त्यातून ‘कोगिन’ हा कापडाचे धागे मोजून करायचा प्रकार वाढला. 1891 मध्ये रेल्वे आओमोरीपर्यंत पोचली, सुती कापड सहज येऊ लागलं आणि कोगिन मागे पडलं. दोऱ्याचं काम कापड भरण्याचं होतं हे लक्षात आलं की तो फुगीर का हवा ते आपोआप कळतं. खास दोरा नाही मिळाला तर आठ नंबरचं पर्ल कॉटन चालेल, मी बराच काळ तेच वापरलं. जपानी लोकांत असंही म्हणतात की अझुकीचे, म्हणजे बारीक लाल कडधान्याचे, तीन दाणे गुंडाळता येतील एवढीही चिंधी टाकू नये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचं चिंध्यांचं बोचकं आठवलं. ती ब्लाउजच्या काखेतला तुकडासुद्धा उसवून ठेवायची.

आता तुमचा खरा प्रश्न. तिन्ही थरांतून एकदम शिवू नका. मध्ये कापूस किंवा जुन्या लुगड्यांचे थर असले की कापड सुईवर चढत नाही, एकेक टाका टोचून काढावा लागतो आणि उलट बाजूचे टाके कुठेही पडतात. आधी वरच्या कापडाला खाली फक्त मलमलचं अस्तर लावून साशिको पूर्ण करा. मग नेहमीसारखे थर रचा आणि नमुन्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून आपला नेहमीचा धावदोरा घाला, निळ्या कापडावर निळ्याच दोऱ्याने.

पण त्याच्याही आधी एक फडकं करा. साधारण 33 सेंटिमीटरचा चौकोन, दुहेरी मांजरपाट, त्यावर एखादा सरळ रेघांचा नमुना. जपानात याला ‘हानाफुकिन’ म्हणतात आणि स्वयंपाकघरात भांडी पुसायला वापरतात. माझं पहिलं फडकं अजून ओट्यावर आहे. त्याच्या एका कोपऱ्यातले टाके लांबुळके आणि ताणलेले आहेत, आणि पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत येता येता ते तांदळाएवढे झालेत.